झील धरणारीचा स्वर : ज्यूडी मोवॅट यांचे गानकार्य

कीर्तनात, गोंधळात किंवा भजनात पुढे उभे राहून गाणाऱ्याचे नाव गावास ठाऊक असते. त्याच्या मागे झील धरणाऱ्याचे नाव सहसा कोणी विचारीत नाही. झील सैल पडली की पुढच्याचा अभंगही सैल पडतो, हे देवळाच्या सभामंडपात ज्यांनी एखादी रात्र जागून काढली आहे त्यांस सांगावयास नको. तरीही गाण्याचा इतिहास लिहिला जातो तो पुढे उभ्या असलेल्यांचाच. प्रस्तुत लेखात आम्ही जिचे चरित्र मांडीत आहोत ती गायिका आपल्यापासून फार दूरची, कॅरिबियन समुद्रातील जमैका बेटावरची आहे. ज्यूडी मोवॅट हे तिचे नाव. बॉब मार्ली या जगद्विख्यात गायकाच्या मागे १९७४ पासून ज्या तीन स्त्रियांनी झील धरली, त्यांपैकी त्या एक. ते काम चालू असतानाच त्यांनी १९७९ साली स्वतःच्या नावाची तबकडी काढली आणि पुढच्या गाण्यात जे सांगावयाचे राहून गेले होते ते सांगितले.

हा विषय निवडण्यास कारण आहे. जमैकातील हे गाणे आपल्या भजनाप्रमाणेच धर्माशी बांधलेले आहे. आणि सर्वांस मुक्तीचे आश्वासन देणाऱ्या गाण्यात स्त्रीस कोणते स्थान आहे, हा जो प्रश्न मोवॅट यांच्या गाण्याने विचारला, तो एकट्या जमैकाचा नाही.

प्रथम त्या बेटाविषयी थोडे सांगितले पाहिजे. १६५५ साली इंग्रजांनी जमैका स्पेनच्या ताब्यातून जिंकून घेतले आणि तेथे उसाचे प्रचंड मळे उभारले. मळ्यांवर राबण्यासाठी आफ्रिकेतून माणसे पकडून आणण्यात आली, लिलावात विकण्यात आली. गुलामगिरी बंद करणारा कायदा १८३४ साली अमलात आला तेव्हा या लहानशा बेटावर तीन लाखांहून अधिक गुलाम होते. त्यांस पूर्ण मोकळीक मिळावयास १८३८ साल उजाडले. या इतिहासातील एक गोष्ट विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे. गुलामगिरीच्या शेवटच्या दशकांत उसाच्या शेतांत प्रत्यक्ष राबणाऱ्यांत स्त्रियांची संख्या पुरुषांहून अधिक होती. पुरुषांतील काहींना सुतारकी, लोहारकी, साखर कढविण्याचे काम अशी कसबाची कामे मिळत. स्त्रीच्या वाट्यास बहुधा कुदळ आणि कोयताच येई.

गुलाम मुक्त झाल्यावर मळेवाल्यांनी मजुरांसाठी आपल्या देशाकडे दृष्टी वळविली. १८४५ साली ‘ब्लंडेल’ नावाचे जहाज अडीचशेहून अधिक हिंदी मजूर घेऊन जमैकास पोहोचले आणि पुढील सुमारे सत्तर वर्षांत ३६,००० च्या आसपास लोक करारावर तेथे गेले. त्यांतील बहुतेक उत्तर हिंदुस्थानातले होते. आज त्या बेटावरच्या बोलीत आणि गाण्यात ‘गांजा’ हा शब्द जसाच्या तसा ऐकू येतो, तो याच मजुरांनी नेलेला.

१९३० च्या सुमारास जमैकात एक नवा पंथ उदयास आला. मार्कस गार्वी या जमैकाच्याच पुढाऱ्याने काळ्या लोकांस आपल्या वंशाचा अभिमान बाळगावयास शिकविले होते. त्या शिकवणीने भारावलेल्या काही गरीब लोकांनी, इथिओपियाच्या गादीवर २ नोव्हेंबर १९३० रोजी बसलेल्या सम्राट हैले सेलासी यांस ईश्वराचा अवतार मानले. गादीवर येण्यापूर्वीचे त्यांचे नाव रास तफारी. त्यावरून हे लोक रास्ताफारी म्हणविले जाऊ लागले. जटा राखणे, मांस वर्ज्य करणे, आफ्रिकेस मातृभूमी मानणे आणि धनसत्तेच्या जगास ‘बाबिलोन’ म्हणून नाकारणे ही त्यांची लक्षणे. प्रतिष्ठित समाज त्यांस वेडगळ समजे आणि पोलीस त्यांस छळीत. १९६३ साली माँटेगो बेजवळील कोरल गार्डन्स येथील प्रकरणानंतर शेकडो रास्ताफारींची धरपकड झाली. त्याबद्दल जमैका सरकारने २०१७ साली जाहीर क्षमा मागितली. अशा उपेक्षित पंथाची वाणी जगभर पोहोचली ती रेगे या गायनप्रकाराच्या द्वारे.

‘रेगे’ हा शब्द आमच्या वाचकांस आडनाव म्हणून परिचित असेल. येथील रेगे मात्र १९६८ च्या सुमारास किंग्स्टन शहरातील गरीब वस्त्यांत आकारास आला. जमैका ६ ऑगस्ट १९६२ रोजी स्वतंत्र झाले, त्यानंतरच्या आशाभंगाचे हे गाणे होय. त्याच्या ठेक्याचा विशेष आपल्या कानास चटकन जाणवतो. आपल्याकडे आवर्तनाची पहिली मात्रा म्हणजे सम आणि तीवर सारा भार. रेगेतील ‘वन ड्रॉप’ नावाच्या ठेक्यात चार मात्रांपैकी पहिलीवर मोठा ढोल मुळीच वाजत नाही. आघात पडतो तो तिसऱ्या मात्रेवर. म्हणजे आपण जेथे सम मानतो ती जागा तेथे मोकळी सोडलेली असते. गिटारीचे तुटक ठोके अधल्यामधल्या जागी येतात आणि गाणे पुढे न धावता झुलत राहते. रास्ताफारींच्या उपासनेत तीन प्रकारचे ढोल एकत्र वाजतात, त्यांच्या संथ नादाचीही छाया या गाण्यावर आहे. २०१८ साली युनेस्कोने रेगेचा समावेश मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केला.

या गाण्याच्या धंद्यात स्त्रिया प्रारंभापासून होत्या. मिली स्मॉल या कोवळ्या वयाच्या मुलीचे गाणे १९६४ साली इंग्लंडात गाजले, तेव्हा जमैकाचे संगीत प्रथमच बाहेरच्या जगाने ऐकले. फिलिस डिलन, हॉर्टेन्स एलिस, मार्शिया ग्रिफिथ्स यांचे आवाज घरोघर ठाऊक होते. सोनिया पॉटिंजर या बाईंनी तर निर्मातीच्या खुर्चीत बसून पुरुषांच्या बरोबरीने तबकड्या काढल्या. परंतु सोनियाबाई हा अपवाद. ध्वनिमुद्रणगृह पुरुषाचे, वाद्यवृंद पुरुषांचा, पैसा पुरुषाच्या हाती. आणि गायिकेने गावयाचे ते बहुधा प्रेमाचे नाही तर विरहाचे. समाजाविषयी, राज्याविषयी, धर्माविषयी बोलण्याचे काम पुरुष गायकांचे, असा अलिखित संकेत होता.

अशा वातावरणात ज्यूडी मोवॅट यांचा प्रवेश झाला. किंग्स्टनच्या वरच्या अंगास डोंगरात वसलेल्या गॉर्डन टाऊन या गावी, १९५० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत त्यांचा जन्म झाला. परिचारिका होण्याची त्यांची इच्छा होती. पण तेराव्या वर्षी त्या एका नृत्यपथकात शिरल्या आणि त्या पथकाबरोबर कॅरिबियन बेटांतून हिंडल्या. त्याच पथकातील दोन मैत्रिणींसह १९६७ साली त्यांनी ‘गेलेट्स’ नावाचा तीन आवाजांचा मेळ उभा केला. या तिघींची स्वतःची गाणी झाली, आणि फेडरल या मुद्रणसंस्थेत इतर गायकांच्या मागे त्यांनी झीलही पुष्कळ धरली. १९७० च्या सुमारास दोन्ही मैत्रिणी अमेरिकेस निघून गेल्या आणि मोवॅट एकट्या उरल्या.

यानंतरचा काळ मोठा चमत्कारिक आहे. कायदेशीर अडचणींमुळे त्यांस स्वतःच्या नावाने गाता येईना. ‘आय शॅल सिंग’, म्हणजे ‘मी गाईन’, या नावाचे त्यांचे गाणे लोकप्रिय झाले. परंतु तबकडीवर छापलेले गायिकेचे नाव होते केवळ ‘जीन’.   ‘मी गाईन’ असे गाणारीस आपले नाव मात्र लपवावे लागावे, यातील विसंगती वाचकांच्या ध्यानात येईलच. याच सुमारास त्या रास्ताफारी पंथात आल्या आणि ‘ट्वेल्व्ह ट्राइब्स ऑफ इस्रायल’ या १९६८ साली स्थापन झालेल्या शाखेच्या अनुयायी झाल्या. पुढे ‘अशांदान’ या नावाने त्यांनी स्वतःचा तबकडी-छाप काढला. ही गोष्ट वरवर व्यापारी वाटते. परंतु जिचे नाव आजवर दुसऱ्यांच्या छापावर, तेही बदलून, छापले जाई, तिने स्वतःचा छाप काढणे याचा अर्थ निराळा आहे.

१९७४ साली मार्ली यांचे दोन जुने सोबती पीटर टॉश आणि बनी वेलर हे त्यांस सोडून गेले. तोवर त्यांच्या गाण्यात झीलेचे काम या दोघांचे होते. ती जागा तीन स्त्रियांनी भरून काढली : मार्ली यांच्या पत्नी रीटा, मार्शिया ग्रिफिथ्स आणि ज्यूडी मोवॅट. तिघींच्या या मेळास ‘आय थ्रीज’ असे नाव पडले. ‘आय’ म्हणजे ‘मी’. रास्ताफारींच्या बोलीत या शब्दास मोठे महत्त्व आहे. ‘मला’, ‘माझ्यावर’ अशी दुसऱ्याच्या क्रियेखाली वाकलेली रूपे ते टाळतात आणि सर्वत्र ताठ ‘मी’च वापरतात, कारण गुलामास वाक्यात कर्त्याची जागा नव्हती, अशी त्यांची धारणा. त्या न्यायाने ‘आय थ्रीज’ म्हणजे ‘तीन मी’. मागे उभ्या राहणाऱ्या तिघींना हे नाव मिळावे, हा योग अर्थपूर्ण आहे.

‘नॅटी ड्रेड’ (१९७४) पासून ‘अपरायझिंग’ (१९८०) पर्यंतच्या तबकड्या ऐकल्या म्हणजे या तिघींचे काम केवळ भर घालण्याचे नव्हते हे उमगते. मार्ली यांचा आवाज खरखरीत, आर्त, कधी संतप्त. तिघींचा मेळ त्यास प्रार्थनेची बैठक देई. पुढचा गायक एकटा प्रश्न विचारी आणि मागून जणू सारी वस्ती उत्तर देई. डोकीस रुमाल बांधलेल्या, पायघोळ वस्त्रांतील या तिघी रंगमंचावर उभ्या राहिल्या की त्या मैफिलीस देवघराची कळा येई, असे चित्रफितींवरून आजही दिसते. हे काम निर्धोक नव्हते. जमैकातील दोन राजकीय पक्षांचे वैर तेव्हा बंदुकांवर आले होते. ३ डिसेंबर १९७६ रोजी किंग्स्टनच्या होप रोडवरील मार्ली यांच्या घरावर गोळीबार झाला. स्वतः मार्ली जखमी झाले, रीटा यांच्या मस्तकास गोळी लागली. दोनच दिवसांनी ठरलेली जाहीर मैफल पार पडली आणि मार्ली तीत गाइले.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. रास्ताफारी पंथाने काळ्या माणसास माणूस म्हणून ताठ उभे केले, हे त्याचे ऋण कोणीही मान्य करील. पण त्याच पंथात स्त्रीस दुय्यम स्थान होते. पुरुष हाच घराचा धर्मगुरू. स्त्रीने मस्तक झाकावे, सभेत मागे राहावे. जुन्या वळणाच्या शाखांत उपासनेचे ढोल स्त्रीने वाजवू नयेत असा दंडक होता आणि मासिक धर्माच्या दिवसांत तिला उपासनेपासून दूर ठेवीत. मोवॅट यांची शाखा त्या मानाने उदार होती. आमच्या वाचकांस हे दंडक परके वाटणार नाहीत. आपल्या देवळांच्या आणि घरांच्या चालीरीतींत त्यांची भावंडे शोधावयास लांब जावे लागत नाही. म्हणून त्या लोकांकडे बोट दाखविण्याचा आमचा हेतू नाही. बाबिलोनच्या बंधनांविरुद्ध गाणाऱ्या पंथाच्या घरातही काही बंधने होती आणि त्यांविषयी त्याच्या गाण्यात फारसे काही ऐकू येत नव्हते, इतकेच सांगावयाचे आहे.

१९७९ साली मोवॅट यांची ‘ब्लॅक वूमन’ ही तबकडी निघाली. मार्ली यांच्याच ‘टफ गाँग’ मुद्रणगृहात ती ध्वनिमुद्रित झाली; निर्माती स्वतः मोवॅट, जमैकातील छाप स्वतःचा ‘अशांदान’. पुढील वर्षी आयलंड या संस्थेने ती इतर देशांत आणली. जमैकात गायिकेनेच स्वतःच्या संपूर्ण तबकडीची निर्मिती करावी, हे प्रथमच घडले असे मानले जाते. सोनियाबाईंची निर्मिती आधीची खरी, पण त्या इतरांच्या गाण्यांच्या निर्मात्या होत्या.

तबकडीस जिचे नाव दिले आहे ते शीर्षकगीत म्हणजे या साऱ्या प्रयत्नाचा गाभा. त्यात मोवॅट आपल्या आज्या-पणज्यांकडे वळून पाहतात : लिलावाच्या चौथऱ्यावर उभी केलेली, मळ्यात फटके खाणारी, देहावरही अधिकार नसलेली ती गुलाम स्त्री. मग त्याच दमात त्या आजच्या स्त्रीस हाक घालतात आणि इतके सोसून येथवर आलीस, आता खचू नकोस, असे विनवितात. रेगेत गुलामगिरीची कहाणी पुष्कळ गायिली गेली होती. पण त्या कहाणीतला गुलाम बहुधा पुरुष असे. शेतात स्त्रियाच अधिक राबल्या, हे इतिहासकारांनी जमाखर्चाच्या वह्या तपासून दाखविले. मोवॅट यांनी तीच गोष्ट गाण्यातून सामान्यांच्या कानी घातली. ‘स्लेव्ह क्वीन’ या दुसऱ्या गाण्यात मनावरच्या बेड्यांचा विषय आहे. गोऱ्या सौंदर्याची नक्कल करू पाहणाऱ्या स्त्रीस त्यात प्रेमाने फटकारले आहे.

या तबकडीत त्यांनी मार्ली यांची गाणीही आपल्या गळ्यातून नव्याने गाइली. ‘जोसेफ’ हे गाणे तर मार्ली यांचेच स्तवन होय. त्यांच्या शाखेत जन्ममासावरून बारा वंश पाडले होते आणि फेब्रुवारीत जन्मलेले मार्ली योसेफाच्या वंशात मोडत. गाणे निघाले तेव्हा मार्ली हयात होते. ११ मे १९८१ रोजी ते वारले आणि तेच गाणे त्यांच्या स्मरणाचे झाले. येथे एक गोष्ट नमूद करणे आम्हांस अगत्याचे वाटते. मोवॅट यांनी पुढे येण्यासाठी मागची जागा सोडली नाही. ‘ब्लॅक वूमन’ निघाल्यावरही त्या मार्ली यांच्या अखेरच्या तबकडीवर झील धरीत होत्या. ज्या गाण्यात उणे दिसले त्याच्याशी वैर न धरता, त्याच घरात राहून, त्याच ठेक्यावर, त्यांनी उणे भरून काढले. आपल्या संतपरंपरेतील स्त्रियांनीही देव आणि अभंग सर्वांचेच घेतले आणि त्यांत आपले जाते, आपले घरकाम, आपले दुःख आणून ठेवले.

हे गाणे योग्य वेळी आले, हेही ध्यानात घेतले पाहिजे. जमैकात १९७५ साली स्त्रीपुरुषांस समान कामासाठी समान वेतनाचा कायदा झाला. १९७६ साली अनौरस मुलांस औरसांच्या बरोबरीचे हक्क मिळाले. १९७९ साली, म्हणजे तबकडी निघाली त्याच वर्षी, बाळंतपणाच्या पगारी रजेचा कायदा झाला. अठराव्या शतकात इंग्रजांशी लढलेल्या नॅनी या पळून गेलेल्या गुलामांच्या नायिकेस राष्ट्रपुरुषांच्या मालिकेत स्थान मिळाले तेही त्याच दशकात. सातांमध्ये ती एकटीच स्त्री. कायद्याने जे लिहिले त्यास गाण्याने आवाज दिला, असे म्हणावयास हरकत नाही.

पुढची वाटचाल थोडक्यात सांगता येईल. १९८२ साली ‘ओन्ली अ वूमन’ आणि १९८५ साली ‘वर्किंग वंडर्स’ या तबकड्या निघाल्या. दुसरीस अमेरिकेतील ग्रॅमी पारितोषिकाच्या रेगे विभागात नामांकन मिळाले. एकटीच्या नावावर हा मान मिळविणारी ती पहिली स्त्री. पारितोषिक त्या वर्षी, १९८६ साली, जिमी क्लिफ यांस गेले. या विभागात एकट्या स्त्रीस पारितोषिक मिळाले ते थेट २०२० साली, कॉफी या नावाने गाणाऱ्या तरुण मुलीस. नामांकन आणि पारितोषिक यांत चौतीस वर्षांचे अंतर पडावे, यावरून वाट किती चढाची होती हे कळते. १९९९ साली जमैका सरकारने मोवॅट यांस संगीतसेवेबद्दल ‘ऑर्डर ऑफ डिस्टिंक्शन’ हा किताब दिला.

१९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीस त्यांनी रास्ताफारी पंथ सोडला आणि ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यानंतर त्या भक्तिगीतेच गाऊ लागल्या. जिने एका पंथाचे गाणे जगभर नेले, तिनेच तो पंथ सोडावा याचे अनेकांस आश्चर्य वाटले. श्रद्धा ही ज्याची त्याची अंतरीची गोष्ट. तिचा निवाडा करण्याचा अधिकार आम्ही घेत नाही. इतिहासाच्या दृष्टीने एवढेच दिसते की त्यांच्या गाण्यातून प्रार्थना कधीच गेली नाही. प्रार्थनेचे दैवत बदलले. दुबळ्यांस धीर देण्याचे तिचे काम तेच राहिले.

त्यांच्यामागून आलेल्या गायिकांस वाट थोडी रुळलेली मिळाली. सिस्टर नॅन्सी यांचे ‘बॅम बॅम’ (१९८२) जगभर वाजले. मात्र त्याचे हक्काचे मानधन त्यांस कित्येक दशके मिळाले नाही. क्वीन इफ्रिका यांनी घरातल्याच माणसाकडून मुलींवर होणाऱ्या अत्याचारासारखा, कोणी तोंडावर न आणणारा विषय गाण्यात आणला आणि साऱ्या बेटास त्यावर बोलावयास लावले.

या चरित्रातून घ्यावयाचे काय? पुढच्या गाण्यातही काही उणे राहून जाते आणि ते बहुधा मागे उभ्या असलेल्यांसच दिसते. मोवॅट यांच्यापाशी स्वतःचा छाप होता, मुद्रणगृह मिळाले, म्हणून त्यांचा स्वर टिकला. आपल्या गावोगावच्या देवळांत पिढ्यान्‌पिढ्या ज्या स्त्रियांनी आरत्या, ओव्या आणि अभंग सांभाळले, उत्सवांत गायिले, त्यांतील किती जणींची नावे देवस्थानांच्या वह्यांत सापडतील? गोव्यातल्या, बेळगावच्या, इंदूरच्या वा बडोद्याच्या आमच्या वाचकांपैकी कोणाच्या घरी अशा एखाद्या आजीचे गाणे अजून कानावर पडत असेल, तर ते नुसते ऐकून सोडू नये. गाणे उतरून घ्यावे, शक्य तर ध्वनिमुद्रित करावे, आणि त्याखाली तिचे नाव लिहावे. सासरचे आणि माहेरचे, दोन्ही.